विनोदी मालिका गंभीर झाली, तर फसवणूक कशी?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका वेब मालिकेवर आलेले परीक्षण आणि त्यानंतर याच स्तंभात प्रसिद्ध झालेली दोन पत्रे मी वाचली. तिन्ही लेखनांचा सूर एकच आहे. मालिका विनोदी म्हणून सुरू झाली, प्रेक्षकाने ती विनोदी म्हणून स्वीकारली आणि पुढे तिच्यात व्यसन, तुरुंग, मरण असे विषय आले, म्हणून प्रेक्षकाची फसवणूक झाली, असे त्यांचे म्हणणे आहे. एका पत्रलेखकांनी तर याची तुलना लग्नाचे आमंत्रण देऊन तेराव्याच्या पंगतीला बसवण्याशी केली आहे. उपमा झकास आहे, हे मान्य करतो. तक्रार मात्र मला पटलेली नाही आणि ती का पटली नाही, हे थोडे विस्ताराने लिहिण्याची परवानगी असावी.

माझे बालपण पेडणे तालुक्यातील एका गावात गेले. जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावताराचा खेळ लागे आणि आम्ही मुले गोणपाट अंथरून पुढची जागा धरून बसत असू. आधी आडदशावतार होई. गणपती, त्याच्यासोबत ऋद्धी-सिद्धी, पूजेला आलेला गमतीदार भटजी, मग सरस्वती आणि त्यानंतर आम्ही ज्याची वाट पाहत असू तो संकासुर. अंगात काळा वेष, बाहेर लोंबणारी लाल जीभ आणि तोंडी थेट आमची बोली. त्याने वेद चोरले आहेत, हे आम्हांला ठाऊक असे, तरी गावातल्या दुकानदारापासून शाळामास्तरापर्यंत सगळ्यांची तो अशी फिरकी घेई की, ज्याची घेतली तोही हसत सुटे. अखेर विष्णू येऊन त्याचा वध करी. पुढे आख्यान लागे आणि ते पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत चाले. त्यात राजे राज्याला मुकत, राण्या वनात भटकत आणि मघाशी पोट धरून हसलेल्या त्याच बायका पदराने डोळे टिपत. आपल्याला फसवले, असे म्हणून त्या गर्दीतून कुणी उठून गेल्याचे मला आठवत नाही. (हल्ली आडदशावतार आखूड करून आख्यानाला लवकर हात घालतात. मला ते आवडत नाही, पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.)

यावर कुणी म्हणेल की, आख्यान येणार हे जत्रेतल्या प्रत्येकाला आधीच माहीत असते. मालिकेच्या प्रेक्षकाला तसे काहीच माहीत नसते. आक्षेप रास्त आहे. मात्र क्रमशः येणाऱ्या कथेत पुढे काय होणार, हे पुष्कळदा लेखकालाही माहीत नसते. चार्ल्स डिकन्स यांची ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी एप्रिल 1836 ते नोव्हेंबर 1837 या काळात मासिक अंकांतून प्रसिद्ध झाली. मूळ योजना अगदी हलकीफुलकी होती. रॉबर्ट सेमूर या चित्रकाराने शिकारी आणि खेळाडूंच्या फजितीची चित्रे काढायची आणि चोवीस वर्षांच्या डिकन्सनी त्यांना जोडून मजकूर लिहायचा, असे ठरले होते. पहिला अंक निघाल्यावर काही आठवड्यांतच सेमूर यांनी आत्महत्या केली आणि कथेची सूत्रे पूर्णपणे डिकन्सच्या हाती आली.

त्यानंतर जे घडले, ते या चर्चेत मला फार मोलाचे वाटते. पिकविक या भोळ्या गृहस्थाचे एक बोलणे त्याची घरमालकीण लग्नाची मागणी समजते आणि पुढे वचनभंगाचा दावा लावते. तो खटला म्हणजे निखळ विनोद आहे. परंतु निकाल विरुद्ध जातो, पिकविक तत्त्वाखातर नुकसानभरपाई देण्याचे नाकारतो आणि त्याची रवानगी लंडनच्या फ्लीट या कर्जदारांच्या तुरुंगात होते. तेथे त्याला जिंगल भेटतो. आरंभी तुटक तुटक वाक्ये फेकून सर्वांना गंडवणारा आणि वाचकांना खदखदून हसवणारा हा लफंगा आता फाटक्या कपड्यांत, उपाशी बसलेला दिसतो. डिकन्सचे स्वतःचे वडील 1824 मध्ये कर्जापायी मार्शलसी तुरुंगात होते आणि बारा वर्षांचा हा मुलगा तेव्हा बूटपॉलिशच्या कारखान्यात काम करत होता. या पानांतला अंधार कुठून आला, हे त्यामुळे शोधावे लागत नाही. पिकविकला तुरुंगापर्यंत नेणारी गोष्ट तीच आहे जिच्यावर आपण हसलो होतो, म्हणजे त्याचा भाबडेपणा आणि त्याचा हट्ट.

माझी कसोटी येथे आहे. मालिका गंभीर झाली की नाही, हा प्रश्न माझ्या दृष्टीने दुय्यम आहे. तो गंभीरपणा मूळच्या विनोदाच्या पोटातून आला की बाहेरून आणून चिकटवला, हे मी पाहतो.

‘ब्लॅकॲडर’ या ब्रिटिश मालिकेचे चौथे पर्व 1989 साली दाखवले गेले. ते पहिल्या महायुद्धातील खंदकांत घडते. बॉल्ड्रिक नावाचा मठ्ठ शिपाई प्रत्येक संकटात आपल्याजवळ एक नामी युक्ती असल्याचे सांगतो आणि ती युक्ती हमखास मूर्खपणाची निघते. हा विनोद प्रेक्षकांच्या अंगवळणी पडलेला होता. शेवटच्या भागात खंदकाबाहेर पडून हल्ला करण्याची वेळ येते, बॉल्ड्रिक पुन्हा तेच सांगतो आणि कॅप्टन त्याला म्हणतो की, आता ती युक्ती राहू दे. आपल्याला ती कधीच ऐकायला मिळत नाही. सगळे गोळीबारात धावत सुटतात आणि त्या दृश्याच्या जागी हळूहळू लाल फुलांचे शेत दिसू लागते. या शेवटात नवे असे काहीही आणलेले नाही. जुनाच विनोद अर्ध्यावर तोडला आहे.

अमेरिकेतील ‘मॅश’ ही मालिका 1972 ते 1983 अशी तब्बल अकरा वर्षे चालली. ती कोरियन युद्धातील एका लष्करी इस्पितळावर आधारलेली होती आणि गंमत अशी की, ते युद्ध प्रत्यक्षात तीनच वर्षे चालले होते. दूरचित्रवाणी कंपनीने ध्वनिमुद्रित हशा घालण्याचा आग्रह धरला. निर्मात्यांनी तो मान्य केला, परंतु शस्त्रक्रियेच्या दृश्यांत हशा वाजणार नाही, एवढे पदरात पाडून घेतले. 1975 मध्ये त्यांनी हेन्री ब्लेक या लाडक्या, वेंधळ्या अधिकाऱ्याला लष्करातून सेवामुक्त होऊन घरी निघालेले दाखवले. हसतखेळत निरोप झाला आणि शेवटच्या दृश्यात एका पोरसवदा कारकुनाने शस्त्रक्रियागृहात येऊन त्याचे विमान पाडले गेल्याची, कुणीही वाचले नसल्याची बातमी वाचून दाखवली. डॉक्टर मान वर न करता टाके घालत राहिले. त्या काळी संतापलेल्या प्रेक्षकांची पत्रे गेली होती; म्हणजे आपल्या दोन पत्रलेखकांना पूर्वसुरी लाभलेले आहेत. पण युद्धभूमीवरच्या इस्पितळाची गोष्ट सांगायची आणि मरण फक्त अनोळखी जखमींनाच येते असे दाखवायचे, हीच खरी फसवणूक झाली असती.

मराठी वाचकाला तर हे सांगण्याची गरजच पडू नये. ‘एकच प्याला’ 1919 साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून तळीराम आणि त्याचे आर्य मदिरा मंडळ यांच्यावर मनसोक्त हसलेला प्रेक्षकच सिंधूच्या अखेरीपाशी गप्प होत आला आहे आणि दारूबाजांच्या त्या हशातच सिंधूचे मरण दडलेले होते, हे त्याला घरी जाताना उमगत आले आहे. पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ खळखळून हसवून झाल्यावर चिंतनावर संपवली. ते चिंतन अनाठायी आहे, असे म्हणणारा वाचक मला अजून भेटायचा आहे.

आता दुसरी बाजू. घरी रात्री साडेसात ते दहा दूरदर्शन संच चालू असतो आणि त्याच्यासमोरून मला सुटका नाही, त्यामुळे मी अनुभवाने बोलतो. आपल्या काही दैनंदिन मालिका शेजाऱ्यांच्या कुरबुरी, सासू-सुनेची नोकझोक अशा प्रसन्न सुरुवातीनंतर काही महिन्यांत अपघात, स्मृतिभ्रंश, विषप्रयोग आणि तोतया यांच्या नादी लागतात. मिश्कील आजोबा एके दिवशी हृदयविकाराने कोसळतात, कारण दर गुरुवारी येणारे टीआरपीचे आकडे घसरलेले असतात. त्यांच्या मिश्कीलपणाचा त्या कोसळण्याशी काडीचा संबंध नसतो, आणि पंधरा दिवसांनी आकडे सुधारले की ते पुन्हा कोट्या करू लागतात. अशा मालिकांविषयी आपल्या पत्रलेखकांनी कितीही कठोर लिहावे, मी खाली सही करीन. परंतु त्यांच्यावरचा राग त्यांनी भलत्याच मालिकेवर काढला आहे, असे मला वाटते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले, ती विनंती. आपल्या परीक्षणकर्त्यांनी आठ भागांच्या मालिकेचे पहिले तीनच भाग पाहून मत दिल्याचे परीक्षणाच्या शेवटी प्रामाणिकपणे नमूद केले आहे. असे करणारे ते एकटे नाहीत. ‘बोजॅक हॉर्समन’ या 2014 ते 2020 या काळात आलेल्या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेत घोड्याचे तोंड असलेला एक विस्मृतीत गेलेला विनोदी नट नायक आहे. तिच्या पहिल्या पर्वाच्या बारा भागांपैकी पहिले सहाच समीक्षकांना आगाऊ दाखवले गेले होते आणि त्यांवरची परीक्षणे बरीचशी कोमट होती. नायकाच्या थट्टेखोरपणामागचे एकाकीपण त्यानंतरच्या भागांत उघडे पडते आणि आज त्या मालिकेचे नाव निघते ते त्यासाठीच.

म्हणून मालिकेचे संपूर्ण पर्व पाहून झाल्यावरच परीक्षण छापावे, भले ते दोन रविवार उशिरा येवो. पहिल्या तीन भागांवर निकाल देणे म्हणजे संकासुर पडला की गोणपाट गुंडाळून घरी जाण्यासारखे आहे. दरम्यान, या मालिकेचे उरलेले पाच भाग मी पाहिले आहेत. परीक्षणकर्त्यांनीही ते पाहावेत आणि त्यानंतरही त्यांचे मत तेच राहिले, तर ते पुन्हा छापावे. मी ते आवर्जून वाचीन.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, फोंडा