आधी टायर काय मागतो ते बघ: एका ताईंना आभारपत्र

ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नकोस, असं तुम्ही निघताना बजावलं होतंत, म्हणून नुसतं ताई. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुम्ही आम्हाला जे दाखवलंत ते कॅम्परव्हॅनमध्ये राहू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे, आणि टायरमध्ये हवा भरणाऱ्या कंप्रेसरच्या खोक्यावर ते छापलेलं नसतं.

वाळूतून बाहेर पडलो तेव्हाची आमची अवस्था तुम्ही पाहिलीच. गाडी रुतू नये म्हणून चारही चाकांची हवा 65 पीएसआयवरून (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) 40 वर आणली होती, आणि ती परत भरायला हाताशी होता तळहाताएवढा, आतच बॅटरी असलेला पंप. खोक्यावर ठळक अक्षरांत 150 पीएसआय. पहिलं चाक 52 पर्यंत गेलं आणि पंप तापून आपोआप बंद पडला. गार झाल्यावर पुन्हा लावला, तर दुसऱ्या चाकाच्या मध्यातच त्याची बॅटरी संपली. त्याच्याआधी आणलेल्या, सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणाऱ्या पंपानं सॉकेटचा फ्यूज उडवला होता. दोनदा पैसे घालून आम्ही होतो तिथेच होतो, आणि तशा बसक्या टायरवर डांबरी रस्त्याला लागायची मला भीती वाटत होती. ती भीती रास्त आहे, हे तुम्ही लगेच सांगितलंत. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते, दुमडून दुमडून तापते, आणि सामानानं भरलेल्या व्हॅनखाली तो टायर वेगात असताना फुटू शकतो.

तुम्ही नुसती चार चाकं भरून दिली असतीत तरी आम्ही ऋणी राहिलो असतो. पण पाइप जोडायच्या आधी तुम्ही मला मागच्या चाकापाशी उकिडवं बसवलंत आणि म्हणालात, "पंप नंतर. आधी तुझा टायर काय मागतो ते बघ."

मग ते गणित. आमच्या मापाच्या टायरच्या पोटात साधारण 50 लिटर जागा. 40 वरून 65 म्हणजे 25 पीएसआय वाढवायचे, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे 1.7 पट. म्हणून एका चाकात बाहेरची 85 लिटर हवा कोंबायची, चार चाकांत 340. हे एकदा डोळ्यांसमोर आल्यावर खोक्यावरचे 150 पीएसआय मला एकदम निरुपयोगी वाटले. पंप किती दाबापर्यंत जाऊ शकतो, एवढंच तो आकडा सांगतो. किती वेळात जातो, तिथवर टिकतो का, याबद्दल त्यात काहीच नसतं. बघायचं ते मिनिटाला किती लिटर, आणि तेही आपल्याला लागणाऱ्या दाबावर. पाइप मोकळा सोडून मोजलेले 35 लिटर 60 पीएसआयसमोर बरेच खाली येतात, कारण प्रत्येक खेपेला पंपातल्या सिलिंडरच्या टोकाशी थोडी दाबलेली हवा उरते, ती आधी पसरते आणि नव्या हवेला तेवढी जागा कमी पडते. हे तुम्ही नुसतं सांगून थांबला नाहीत. माझ्या हातात तुमचं घड्याळ दिलंत. 40 ते 55 ला जेवढा वेळ लागला, जवळपास तेवढाच 55 ते 65 ला लागला.

तेवढ्यात तुम्ही माझा हात धरून बोटाची मागची बाजू पाइपच्या पितळी टोकाजवळ नेलीत. टेकवू दिली नाहीत, नुसती जवळ. चटका बसेल इतकं ते तापलं होतं, आणि तुमचा कंप्रेसर चांगला दणकट होता! दाबलेली हवा तापतेच, ते काही टळत नाही. म्हणून सलग किती मिनिटं चालवायचा आणि मग किती मिनिटं थांबायचं, हा आकडा विकत घेताना विचारलाच पाहिजे. आमच्या छोट्या पंपाच्या पुस्तिकेत तो शेवटच्या पानावर होता: दहा मिनिटं. व्हॅनच्या चार चाकांना तो कधी पुरलाच नसता. दुचाकीच्या टायरला, सायकलला तो आजही उत्तम आहे आणि आम्ही तो तेवढ्यासाठी ठेवला आहे.

फ्यूज का उडाला तेही तुमच्यामुळेच कळलं. 12 व्होल्टचं सॉकेट, फ्यूज 10 अँपिअरचा, म्हणजे जास्तीत जास्त 120 वॅट. आमच्या पंपाला त्याहून जास्त हवे होते. मी तेव्हा म्हणाले होते की मोठा फ्यूज टाकू, आणि तुम्ही जवळजवळ ओरडलात. आतली वायर त्या फ्यूजच्या हिशोबाचीच असते, मोठा फ्यूज टाकला तर फ्यूजच्या जागी वायर जळेल. तुमचं ते ओरडणं मी विसरणार नाही. जोराचा कंप्रेसर हवा तर चिमटे थेट बॅटरीला, इंजिन चालू, आणि वायर-पाइप मिळून मागच्या चाकापर्यंत पोचतील एवढे लांब. कारसाठी बनवलेला पाइप व्हॅनच्या मागच्या चाकापाशी हमखास कमी पडतो.

बाकीचं थोडक्यात लिहिते, वाचणाऱ्यांसाठी. पंप चालू असताना त्याच्यावरचा काटा पाइपातला दाब दाखवतो, टायरमधला नव्हे, म्हणून थांबवून वाचायचं आणि वेगळं गेज जवळ ठेवायचं. व्हॉल्व्हवर आटे फिरवून बसणारं टोक घ्यायचं. गादी किंवा रबरी होडी फुगवायला हा पंप चालत नाही, तिथे दाब थोडा आणि हवा भरपूर लागते.

आणि एक गोष्ट जिच्यावरून आपली थोडी वादावादी झाली. भरून झाल्यावर मला 65 चे 67 करायचे होते, टायरच्या बाजूवर मोठा आकडा लिहिला आहे म्हणून. तुम्ही ठाम नाही म्हणालात. तो आकडा म्हणजे टायर सोसू शकेल तो कमाल दाब. आपला आकडा गाडी बनवणाऱ्यानं दाराच्या चौकटीवर लिहिलेला, तोही टायर गार असताना. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी मोजलं तेव्हा 65, आणि तासभर चालवून मोजलं तर 69. हवा कुणी भरली नव्हती, नुसता टायर तापला होता. मी आदल्या दिवशी हट्ट केला असता, किंवा त्या 69 ला घाबरून हवा सोडली असती, तर दोन्हीकडून चुकले असते. नंतर वजनकाट्यावर पुढचं आणि मागचं वजन वेगवेगळं करून घेतलं. पाण्याची 100 लिटरची टाकी मागे आहे, ती भरली की 100 किलो मागच्या चाकांवर, हे मी तोवर कधी हिशोबात धरलं नव्हतं.

तुम्ही दाराच्या आत कागदी पट्टीवर लिहून दिलेले चार आकडे अजून तिथेच आहेत. पेन्सिल पुसट व्हायला लागली तेव्हा मी त्याच रेघांवरून पुन्हा फिरवली, अक्षर तुमचंच ठेवलं.

कंप्रेसर घेतला. दोन पिस्टनचा, चिमट्यांचा, तुम्ही सांगितलं तसा. चार चाकं मध्ये एकदाच थांबून होतात. एका बाबतीत मात्र तुमचं ऐकलेलं नाही. दर वेळी बॉनेट उघडायला नको म्हणून व्हॅनमधल्या राहण्याच्या भागासाठीच्या, इंजिनच्या नव्हे अशा, बॅटरीवरून मागच्या दारापाशी वेगळी जोडणी करून घेतली आहे. कंप्रेसर 20 अँपिअर ओढतो, वीस मिनिटांत साधारण 7 अँपिअर-तास जातात, आणि बॅटरी 100 ची आहे. वायर 6 चौरस मिलिमीटरची. फ्यूज 30 चा, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. भेटाल तेव्हा एकदा बघून द्या, आणि चुकलं असेल तर त्या दिवशीसारखंच ओरडा.

तुमची,
वाळूतल्या पांढऱ्या व्हॅनमधली