त्या रात्री थांबलेल्या पिकअपवाल्या दादांना

नऊला मटण शागुती जेवलो. दोन वाजता ह्यांच्या अंगभर गांधी, ओठ सुजलेले, श्वास घेता येईना. फोंड्याच्या रस्त्यावर आमची गाडी बंद पडली, तेव्हा भाजीची पिकअप थांबवणारे दादा, तुमचं नावही विचारायचं राहिलं. मांडीत अ‍ॅड्रेनालिन देणाऱ्या सिस्टर, तुमचेही आभार. आणि त्या डॉक्टरबाई! “कधी गोचीड चावली होती का?” हे त्यांनीच विचारलं. चावली होती, गेल्या उन्हाळ्यात, व्हर्जिनियात. गोचिडीच्या दंशानंतर शरीर कधीकधी अल्फा-गॅल या साखरेवर उलटतं. ती बकऱ्या-डुकराच्या मांसात असते, मासळी-कोंबडीत नसते. त्रास दोन ते सहा तासांनी होतो, म्हणून जेवणावर संशयच जात नाही. रक्ततपासणीत तेच निघालं.

दादा, ह्यांच्या डोक्याखाली घातलेलं तुमचं गोणपाट धुऊन ठेवलंय. घ्यायला या, बांगड्याचं हुमण जेवून जा.