नवगावचं जहाज देवाच्याच हाती होतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला रायगडच्या किनाऱ्यावरचा लेख मन लावून वाचला. नवगावजवळ फुटलेलं जहाज, त्यातून वाचलेले सात पुरुष आणि सात बायका, त्यांच्यापासून वाढलेला आमचा बेने इस्राएल हा यहुदी समाज, हे सगळं लेखकाने आपुलकीने लिहिलं आहे. शेवटी मात्र त्यांनी ही सारी वाऱ्याची आणि नशिबाची करामत ठरवली. वर, श्रद्धाळू माणसं सगळं देवावर घालून मोकळी होतात, असंही एक वाक्य जोडलं. त्या वाक्यासाठी हे पत्र.

जहाज नेमकं कधी आलं यावर संशोधकांचं एकमत नाही. आमच्या आजीला त्याचं काही नव्हतं. ती डोक्यावर पदर घ्यायची, देवाचं नाव घ्यायची आणि मगच ही हकिकत सुरू करायची. वाचलेल्यांच्या हाती धर्मग्रंथ उरला नव्हता. पुढे हिब्रूही जिभेवरून गेली. राहिली ती देव एकच आहे असं सांगणारी ‘शेमा’ची प्रार्थना, मुलाची आठव्या दिवशीची सुंता, शनिवारची विश्रांती आणि जेवणातला नेम. तेलाच्या घाण्यावर पोट असलेल्या माणसाने आठवड्यातून एक दिवस घाणा बंद ठेवायचा म्हणजे पोटाला चिमटा. तरी ठेवला, आणि गावं आम्हाला शनिवार तेली म्हणू लागली.

मग दाविद राहबी नावाचे यहुदी धर्माचे जाणकार आले. हे खरंच यहुदी आहेत का, हे पाहायला त्यांनी बायकांपुढे निरनिराळी मासळी एकत्र ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी यहुदी धर्माला चालणारे, पंख आणि खवले असलेले मासे तेवढे उचलले, बाकीचे बाजूला सारले. आम्ही हे खात नाही, एवढंच म्हणाल्या, अशी आमच्याकडची आठवण आहे. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या यांची रेलचेल असलेल्या किनाऱ्यावर, पोथी वाचून दाखवणारं कोणी नसताना, हा नेम पिढ्यान्‌पिढ्या चुलीपाशी टिकला. कोणी राजाने टिकवला नाही, पंडिताने नाही. मोशेसाठी समुद्र दुभंगला हे मी मानते, पण देवाची सत्ता मला त्याहून जास्त त्या मासळीच्या टोपलीत दिसते. हे वाऱ्याने केलं असं मला म्हणवत नाही.

मग जे बुडाले त्यांचं काय, असं लेखक विचारतील. नवगावच्या आमच्या दफनभूमीत दोन उंचवटे आहेत. किनाऱ्याला लागलेले देह तिथे पुरले, पुरुष एका ठिकाणी आणि बायका दुसऱ्या, असं आम्ही ऐकत आलो. त्यांच्यापाशी उभी राहून मीही हा प्रश्न विचारला आहे, आणि मला उत्तर मिळालेलं नाही. इतिहास देवाच्या हाती आहे असं म्हणते तेव्हा त्याचा हिशेब मला कळतो असा माझा दावा नसतो. आमच्या धर्मग्रंथातल्या योसेफाला भावांनी विकलं. खड्ड्यात पडलेल्या त्या पोराला पुढे त्यानेच सांभाळलेली मिसरमधली धान्याची कोठारं दिसत नव्हती. भावांनी केलं ते वाईटच होतं, आणि त्यातूनच पुढे दुष्काळात सगळं घर जगलं, तेही देवाने घडवलेलं. एस्तेर राणीमुळे यहुदी संहारातून वाचले, पण त्या एस्तेरच्या ग्रंथात तर देवाचं नाव एकदाही येत नाही. तरी ज्या पुरीमच्या सणाला आमचे जुने लोक होळीचा सण म्हणत, तो आम्ही त्याच ग्रंथामुळे पाळतो.

माझा मामा इस्राएलला गेला. जिथे पोचण्यासाठी पिढ्यांनी प्रार्थना केली, तिथे गेल्यावर धर्मपीठाने विचारलं, तुम्ही पूर्ण यहुदी आहात का? तुमच्याशी लग्न लावावं का? आमचे लोक तिथे धरणं धरून बसले. अखेर १९६४ साली, बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत, असं तिथल्या सरकारने मान्य केलं. मामा मराठीतच पत्रं लिहायचा. एका पत्रात त्याने लिहिलं होतं, देवाने इथवर आणलं ते अर्ध्यावर सोडायला नाही. उद्या पुन्हा बसायला जातो. या माणसाला हात बांधून बसलेला म्हणायचं का?

३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळलं. त्या सकाळी माझ्या कोळी शेजाऱ्यांनी होड्या वर ओढून घेतल्या, मी कौलांवर दोर टाकून घेतले आणि मग देवाचं नाव घेत बसले. दुपारपर्यंत निम्मी कौलं उडाली, वाडीतल्या पोफळी एकमेकींवर आडव्या झाल्या. त्याच्या मर्जीशिवाय झाडाचं पान हलत नाही म्हणतात, आणि इथे तर झाडंच गेली. मी रडले. पण घरातलं प्रत्येक माणूस धडधाकट होतं, म्हणून त्या आठवड्यात एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे आमच्या एलिया संदेष्ट्याच्या, नावाने मलिद्याचा नैवेद्य केला. टाळेबंदीमुळे सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमणं शक्य नव्हतं, घरच्या घरीच प्रार्थना म्हटली. पोहे भिजवले, साखर-वेलची घातली, खोबरं मात्र वादळात पडलेल्या नारळांचंच. फळं मिळेनात, तेव्हा शेजारच्या वहिनींनी पडलेले आंबे आणून ताटाशेजारी ठेवले आणि त्याही हात जोडून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वाडीतल्या झावळ्या ओढायला लागलो.

आपल्या लेखकांवर माझा राग नाही. आमच्या अलिबागकडच्या खंडाळ्याच्या खडकावरच्या, एलियाहू हन्नाबीच्या घोड्याच्या मानल्या जाणाऱ्या टापांचा त्यांनी नुसता ‘सेल्फी पॉइंट’ म्हणून उल्लेख केला, तेवढा कृपया दुरुस्त करावा. आमच्या लेखी तो खडक नवस बोलण्याचा आणि फेडण्याचा आहे, तिथे चपला बाहेर काढाव्यात. आणि दिवाळीनंतर वाट सुकली की त्यांनी नवगावला जरूर यावं. ते दोन उंचवटे मी स्वतः दाखवीन, जेवायलाही थांबावं. फक्त शनिवार सोडून यावं.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. अलिबाग, जि. रायगड