जाहिरातीतलं खालचं नाव

पुणे, गुरुवार रात्र

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "जाहिरातीत दिग्दर्शक म्हणून दुसऱ्याचं नाव, तुझं खाली बारीक अक्षरात. काही बिनसलं का?" तालीम चालू होती, म्हणून "नाही हो" म्हणून फोन ठेवला. मग रात्रभर वाटत राहिलं, तुम्ही जागे असाल. खरंच काही बिनसलेलं नाही. या नाटकाची मी ड्रामाटर्ग आहे, म्हणजे नाटक पारखून कुठे काय जमत नाही ते लेखक-दिग्दर्शकाला सांगणारी, आणि ते काम मी मागून घेतलंय.

शब्द परका आहे. 1767 साली जर्मनीत हॅम्बुर्गच्या नाट्यगृहानं लेसिंग या लेखकाला कामावर घेतलं. प्रयोग पाहायचे, नाटकं पारखायची, कुठे काय जमलं नाही ते लिहायचं. नटमंडळी इतकी रुसली की अभिनयावर लिहिणं त्याला सोडावं लागलं. ते नाट्यगृह दोनेक वर्षांत बंद पडलं, पण काम टिकलं.

आपल्याकडे हा हुद्दा नव्हता, काम मात्र होतं. हरिपूरचे नाटककार गोविंद बल्लाळ देवलच घ्या. शेक्सपिअरचा ऑथेल्लो त्यांनी झुंझारराव केला. मोलिएरचं फ्रेंच प्रहसन इंग्रजीच्या वाटेनं त्यांच्यापर्यंत आलं आणि त्यातून 'संशयकल्लोळ'मधला फाल्गुनराव उभा राहिला. तो फ्रेंच वाटतो का कुणाला? बायकोवर संशय घेणारा नवरा आपल्या आळीत कसा बोलेल, हे देवलांच्या कानात होतं. शिवाय नटांना तालीमही तेच देत. मी करते ते त्याच जातीचं काम आहे, हे लिहिताना मला फार बरं वाटतंय.

आता माझं रोजचं काम. नाटक 2019 च्या आपल्या सांगलीतल्या पुराचं आहे. लेखक तरुण, मुंबईचा, मनापासून लिहिणारा. त्याच्या पहिल्या खर्ड्यात पाणी एका रात्रीत ओसरलं होतं. मी त्याला सांगितलं, आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, पाणी 57 च्या वर गेलं होतं. ते असं उतरत नाही. लोक रोज येऊन भिंतीवरची ओल बघतात आणि परत जातात, तोच तुझा दुसरा अंक आहे. तो गप्प झाला आणि चार दिवसांनी नवा अंक घेऊन आला. आई, त्यात नायिका गावभागातल्या घरी परतल्यावर रडत नाही, देव्हाऱ्याकडेही जात नाही. आधी गॅसची शेगडी धुते. ते तुझं आहे. मी तुला खोदून खोदून विचारत होते ते यासाठी.

दिग्दर्शक रोज तालमीत असतो, त्यामुळे चुकीचीही त्याला सवय होते. मला हे माझ्याच नाटकांत भोगून कळलंय. म्हणून मी मुद्दाम आठ-दहा दिवस तालमीला जात नाही. मग एकदम आठव्या रांगेत जाऊन बसते आणि कुठे मन उडालं ते वहीत टिपते. पैसे दिग्दर्शनापेक्षा कमी मिळतात, ते लपवत नाही. पुढच्या वर्षी दिग्दर्शन आहेच.

बाबा, राज्य नाट्य स्पर्धेतलं माझं पहिलं नाटक आठवतं? स्कूटरवरून परतताना तुम्ही एवढंच म्हणालात, "ती बाई घर का सोडते, तेच कळलं नाही." दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून राग आला होता. हळदीच्या मार्केट यार्डात हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय तुम्ही भाव बोलत नव्हता. वहीत मी आजही पहिल्या पानावर तुमचा तो प्रश्न लिहिते, फक्त माणसाचं नाव बदलून.

दिवाळीनंतर सांगलीत भावे नाट्यमंदिरात प्रयोग आहे. आईच्या गुडघ्यासाठी कडेच्या दोन खुर्च्या सांगून ठेवल्यात. मध्यंतरात उठू नका, चहा घेऊन मीच येते. आणि आई, शेगडीचा प्रसंग बघताना "हे असं नव्हतं" वाटलं, तर त्याच रात्री सांग. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला प्रयोग आहे, तोवर बदलता येईल.

तुमची,
मनू