विषय : प्रमाणपत्र एका हिऱ्याचे, अंगठीत दुसराच हिरा; तक्रार परस्पर बंद केल्याबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार विभागप्रमुख,
मुख्य कार्यालय

आज दुपारी आपल्या ग्राहक सेवा केंद्राकडून मला सांगण्यात आले की माझी तक्रार ‘निराकरण झाले’ अशा शेऱ्यासह बंद करण्यात आली आहे. निराकरण नेमके कोणाचे झाले हे मला कळलेले नाही, कारण अंगठीत अजून तोच हिरा आहे आणि माझ्या हातातले प्रमाणपत्र अजून दुसऱ्याच हिऱ्याचे आहे. हा सहावा फोन होता. यापुढे जे काही बोलायचे ते लेखी.

आपल्या पुण्यातील शाखेत मी आणि माझ्या होणाऱ्या पत्नीने दोन रविवार घालवून साखरपुड्याच्या अंगठीसाठी हिरा निवडला. ट्रेमध्ये तीन खडे होते. त्यातला साठ सेंटचा (०.६० कॅरेट), जे रंगाचा (अक्षर जितके पुढचे तितकी पिवळसर छटा जास्त), तिने पहिल्याच नजरेत बाजूला सारला. उरलेल्या दोघांपैकी एक ०.५२ कॅरेट, एफ रंग, व्हीएस-२ (आतले दोष अगदी बारीक), फ्लुरोसन्स (अतिनील दिव्याखाली चमकण्याचा गुण) अजिबात नाही; दुसरा ०.५१ कॅरेट, एच रंग, एसआय-१ (दोष थोडे जास्त), मध्यम निळा फ्लुरोसन्स. काउंटरवरच्या दिव्यांखाली काचेचा तुकडाही नाचतो, म्हणून तिने दोन्ही खडे दारापाशी उजेडात बघायला मागितले, आणि आपला सुरक्षारक्षक तीन पावलांवर उभा असताना आम्ही ते पांढऱ्या कागदाच्या घडीत उलटे ठेवून चांगली पाच मिनिटे न्याहाळले. आपल्या विक्रेत्याने दोन्हींचे भाव एका चिठ्ठीवर लिहून दिले : १,१८,००० आणि ८६,०००. आम्ही पहिला घेतला, बिलात तोच लिहिला गेला आणि तीन आठवड्यांनी अठरा कॅरेट सोन्याच्या घाटात बसवलेली अंगठी त्याच्या प्रमाणपत्रासह आम्हाला मिळाली.

साखरपुड्याच्या संध्याकाळी डीजेवाल्याने अतिनील दिवे लावले आणि माझी मामेबहीण ओरडली, “वहिनी, तुझी अंगठी पेटली!” खडा निळाशार चमकत होता. ज्या हिऱ्याच्या प्रमाणपत्रावर फ्लुरोसन्सच्या रकान्यात ‘नाही’ असे छापले आहे, तो त्या दिव्याखाली निळा होत नाही, हे आपल्याला मी सांगायला नको. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या सराफांकडे भिंगातून हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला क्रमांक वाचला, तर शेवटचे चार अंक प्रमाणपत्राशी जुळेनात. तोच क्रमांक जीआयए या हिऱ्यांची प्रतवारी करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकल्यावर समोर आले : ०.५१ कॅरेट, एच, एसआय-१, मध्यम निळा. म्हणजे दारापाशी उभे राहून आम्ही जो खडा नाकारला होता, नेमका तोच.

सोन्याबद्दल माझी तक्रार नाही. घाटावरचा सहा अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर बरोबर जुळतो. पण हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा असतो, हिऱ्याचा नव्हे. त्यामुळे फोनवर प्रत्येक वेळी “सर, आपली ज्वेलरी हॉलमार्क्ड असते” हे उत्तर देणे कृपया थांबवावे.

आता शाखा व्यवस्थापकांविषयी. त्यांनी अंगठी दिव्याखाली धरली, भिंग हातात घेण्याची तसदी न घेता म्हणाले, “दिसायला दोन्ही सारखेच असतात.” मी विचारले, “मग भाव बत्तीस हजारांनी वेगळा का?” यावर त्यांनी उत्तराऐवजी मी काय काम करतो ते विचारले. भोसरीच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे, असे सांगितल्यावर ते मोकळेपणाने हसले आणि म्हणाले, “तरीच! सर, हा हिरा आहे, बेअरिंग नाही. यात आकडे नाही, भावना बघायची असते.” नंतर माझ्याकडे पाठ करून माझ्या होणाऱ्या पत्नीला म्हणाले, “मॅडम, तुम्हाला आवडलीय ना? मग तुम्हीच जरा सरांना समजवा.” ती म्हणाली, “मला जी आवडली होती, ती ही नाही.” त्यावर त्यांनी अंगठी मोफत पॉलिश करून देण्याची आणि वर चांदीचे एक नाणे देण्याची तयारी दाखवली. साहेब, आमच्याकडे बेअरिंगवरचा क्रमांक कागदाशी जुळला नाही तर माल दारातूनच परत जातो. त्या बेअरिंगची किंमत चारशे रुपये असते. भावना बघूनच हिरा घ्यायचा होता, तर भाव आकड्यांत का लिहिला होता?

ग्राहक सेवा केंद्राचा खुलासा त्याहून थोर आहे : पॉलिश करताना क्रमांक बदलला असावा. पॉलिशने क्रमांक पुसट झाला हे मी समजू शकतो. पण पॉलिशने त्याच ट्रेमधल्या दुसऱ्या हिऱ्याचा अचूक क्रमांक उमटवला असेल, तर त्या कारागिराचा जाहीर सत्कार व्हायला हवा. शेवटचा तोडगा असा की अंगठी बदलून घ्यावी आणि घडणावळ माझ्या खिशातून वजा व्हावी. चूक आपली, वजावट माझी.

पुन्हा लिहितो, कारण सहा फोननंतरही ते नोंदले गेलेले दिसत नाही : हिऱ्यावरचा क्रमांक आणि प्रमाणपत्रावरचा क्रमांक वेगळे आहेत.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत एक तर प्रमाणपत्रावरील क्रमांकाचाच हिरा आमच्या समोर, भिंगातून क्रमांक दाखवून, कोणतेही शुल्क न लावता बसवून द्यावा, नाही तर बिलाची संपूर्ण रक्कम परत करावी. अन्यथा मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तेथे शुल्क नाही आणि वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे. तेथे कोणी भावना तपासणार नाही.

माझ्या आईच्या पाटल्या आपल्याच पेढीच्या. त्या काळच्या बिलावर वजन गुंजेपर्यंत हाताने लिहिलेले आहे आणि ते आजही काट्यावर बरोबर भरते. तिच्याच आग्रहामुळे आम्ही दुसऱ्या दुकानाची पायरी चढलो नाही; अंगठीचे काय झाले, हे तिला अजून मी नीटसे सांगितलेले नाही.

बिल, प्रमाणपत्र, विक्रेत्याच्या हस्ताक्षरातील भावाची चिठ्ठी आणि भिंगातून काढलेली छायाचित्रे यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. मूळ कागद माझ्याकडेच राहतील. अंगठीही पोचपावतीवर हिऱ्याचा कोरलेला क्रमांक लिहून मिळाल्याशिवाय आपल्या कोणत्याही शाखेत दिली जाणार नाही.

तक्रारदार,
बिलावरील खरेदीदार