चक्रवाढ व्याज शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

फोनवर तुम्हाला "बाई, सुटलं" एवढंच सांगितलं. पण त्या शनिवारी तुमच्या सोप्यावर काय झालं ते चार लोकांनी वाचावं असं मला फार वाटतं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

वाचणाऱ्यांसाठी आधी माझं गणित सांगते. गोंगाट (नॉइज) असलेल्या वाहिनीतूनही, म्हणजे संदेश नेणाऱ्या तारेतून किंवा रेडिओ लहरींतूनही, एका ठरावीक वेगापर्यंत माहिती जवळजवळ बिनचूक पाठवता येते, हे १९४८ साली अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी दाखवलं. तो वेग म्हणजे वाहिनीची क्षमता. सूत्र एवढंसं आहे: सिग्नलच्या ताकदीला (पॉवरला) नॉइजच्या ताकदीने भागायचं, त्यात एक मिळवायचा, त्याचा दोन पायाचा लॉग (२ चा कितवा घात केला की तो आकडा येतो ते) घ्यायचा आणि बँडविड्थने, म्हणजे वाहिनीत मावणाऱ्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्याच्या हर्ट्झमधल्या रुंदीने, गुणायचं. टेलिफोनच्या तारेची बँडविड्थ ३,००० हर्ट्झ आणि सिग्नल नॉइजच्या १,००० पट धरला, तर सेकंदाला सुमारे ३०,००० बिट (० किंवा १ असे आकडे) येतात.

इथवर मला येत होतं. पोचलेल्या संदेशाच्या एन्ट्रॉपीतून, म्हणजे अनिश्चिततेच्या मापातून, नॉइजची एन्ट्रॉपी वजा करायची, ठरावीक पॉवरला सर्वांत जास्त एन्ट्रॉपी गाउसियन (घंटेच्या आकाराच्या) वितरणाची असते हे वापरायचं, की सूत्र हातात येतं. अडलं ते पुढे. पॉवर तेवढीच ठेवून बँडविड्थ अनंतापर्यंत वाढवली तर क्षमता किती? माझं उत्तर दर वेळी अनंत यायचं. पुस्तकात मात्र एक ठाम आकडा, आणि मधल्या पायऱ्यांच्या जागी "हे सहज दिसते". आठ दिवस मला काही दिसलं नाही. वर्गात विचारलं, तर परीक्षेला येत नाही म्हणून विषय पुढे सरकला. दहावीपर्यंत मराठीत शिकून बेळगावात इंग्रजीतून इंजिनिअरिंग करणाऱ्या मुलीला अशा वेळी पहिली शंका स्वतःच्याच डोक्याची येते. मलाही तीच आली होती.

रोप लावणीसाठी गावी आले होते. खानापुरात बस बदलायची होती, पाऊस थांबेना, म्हणून तुमच्याकडे आले. वही दप्तरातच होती. तुम्ही विचारलंत, "काय गे, तोंड का असं?" आणि मी वही पुढे केली. तुम्ही चष्मा लावून दोन पानं वाचलीत आणि म्हणालात, "हा विषय मी कधी शिकलेली नाही. पण तू बँडविड्थ वाढवत गेलीस, आणि खालचं नॉइज आहे तिथंच ठेवलंस. ते कशाचं बनलंय?"

बाई, त्या एका प्रश्नाने माझे आठ दिवस सोडवले. हे नॉइज प्रत्येक हर्ट्झमागे सारखं असतं. दार जेवढं मोठं उघडाल तेवढा पाऊस आत. म्हणजे बँडविड्थ दुप्पट केली की नॉइजही दुप्पट, आणि मी मात्र ते १,००० चं गुणोत्तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तसंच धरून बसले होते.

मग लाइट गेली, तुम्ही कंदील आणलात आणि जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर माझ्याकडून आकडे मांडून घेतलेत. बँडविड्थ ३०,००० हर्ट्झ: गुणोत्तर १००, क्षमता सुमारे २ लाख. ३ लाख हर्ट्झ: गुणोत्तर १०, क्षमता १०.३८ लाख. ३० लाखांवर गुणोत्तर बरोबर एक, क्षमता बरोबर ३० लाख. ३ कोटींवर ४१.२५ लाख. ३० कोटींवर ४३.०७ लाख. बँडविड्थ दहा पट झाली आणि क्षमता दोन लाखही वाढली नाही! "थांबायला लागलंय बघ," तुम्ही म्हणालात. "आता कुठं थांबतंय ते काढ."

काढायला गेले तर एक अधिक लहानसा अपूर्णांक, आणि त्या बेरजेवर त्याच अपूर्णांकाच्या उलट्याचा घात, असं काहीतरी समोर आलं. मी घाबरले. तुम्ही एवढंच विचारलंत, "आठवीत चक्रवाढ व्याज कुणी शिकवलं तुला?" एक रुपया, वर्षाला शंभर टक्के. वर्षातून एकदा व्याज लावलं तर २ रुपये, दोनदा लावलं तर २.२५, दर महिन्याला २.६१, रोज २.७१४६. कितीही वेळा लावा, २.७१८२८... या आकड्याच्या पुढे जात नाही. तोच ई. माझ्या वहीत व्याजाच्या हप्त्याच्या जागी सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर बसलं होतं, बाकी सगळं तेच. त्या ई चा दोन पायाचा लॉग १.४४२७, त्याला ३,००० गुणिले १,००० म्हणजे ३० लाखांनी गुणलं की ४३.२८ लाख. पुस्तकातला आकडा.

लिमिटला मराठीत सीमा म्हणतात हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. सीमाभागात जन्मून हा शब्द मी रोज ऐकते, पण तिच्या जवळ जवळ जाता येतं आणि तरी ती ओलांडली जात नाही, हा अर्थ मला त्या कंदिलाजवळ कळला.

उत्तर तुम्ही सांगितलं नाहीत. हे मला सगळ्यांत मोठं वाटतं. पेन्सिल एकदाही माझ्या हातातून घेतली नाहीत. आणि मी शाळेत जशी विचार करायचे तशी, मराठीत, पायरी पायरीने विचार करू दिलात. या भागातल्या कितीतरी मुलांना असं कुणी भेटत नाही आणि ती मधेच विषय सोडतात, हे मी होस्टेलवर बघतेय.

निघताना तुम्ही विचारलं होतंत: त्या सीमेच्या ९९ टक्क्यांपर्यंत पोचायला किती बँडविड्थ लागेल? काढलंय बाई. सुमारे १४ कोटी ८० लाख हर्ट्झ. दिवाळीला येईन तेव्हा पायऱ्या घेऊन येते, तपासून द्या.

तुमची विद्यार्थिनी