सहीच्या कागदासोबत

बॉथेल, वॉशिंग्टन
१२ ऑक्टोबर २०२५

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

मॉलमधल्या झूमीझ या स्केटबोर्ड आणि कपड्यांच्या दुकानात काम करण्यासाठी पालकांच्या सहीचा जो कागद तू परवा टेबलावर ठेवलास, त्यावर मी आज सही केली आहे. समोरासमोर बसलो की आपले बोलणे पाच मिनिटांत शाळा आणि जेवण यांवर येऊन थांबते, म्हणून सांगायचे ते लिहून ठेवते आहे. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, सावकाश वाच.

तू अकरा वर्षांचा असताना तुझा पहिला स्केटबोर्ड घ्यायला आपण अशाच एका दुकानात गेलो होतो. फळी, ट्रक म्हणजे फळीखालचे चाकांचे आस, चाके आणि बेअरिंग सुटी सुटी निवडायची असतात, हेही मला तेव्हा माहीत नव्हते. तिथल्या मुलाने मला काही न विचारता तुलाच विचारले, "कोणता पाय पुढे ठेवतोस?" तुला सांगता येईना, तेव्हा त्याने तुला मोज्यांवर दोन पावले पळून घसरायला लावले, तुझा उजवा पाय पुढे आला, आणि याला गूफी म्हणतात, त्यात चुकीचे काही नाही, असे त्याने तुला समजावले. मग पॉलिशपेपरसारख्या खरखरीत ग्रिपटेपचा काळा ताव त्याने फळीवर मधून कडांकडे दाबत नेला, खाली हवेचा एकही फुगा राहू दिला नाही, स्क्रूड्रायव्हरच्या दांडीने कड घासून पांढरी रेघ उमटवली आणि त्या रेघेवरून पाते फिरवून जादा टेप कापून काढला. तुझे आजोबा इचलकरंजीला कापडाच्या दुकानात कामाला होते. ठाण उलगडले की कापड आधी गिऱ्हाइकाच्या हाताला लागेल असे पुढे सरकवायचे आणि मगच भाव सांगायचा, ही त्यांची रीत होती. त्या मुलाचे हात पाहताना मला त्यांचीच आठवण झाली.

तू जिथे कामाला जातो आहेस ते दुकान आपल्याच भागातले आहे. १९७८ साली टॉम कॅम्पियन आणि गॅरी हॅकेन्सन यांनी सिएटलच्या नॉर्थगेट मॉलमध्ये 'अबव्ह द बेल्ट' या नावाने ते सुरू केले. कंपनीचे मुख्य कार्यालय आजही शेजारच्या लिनवुडमध्ये आहे. २००५ साली तिचे समभाग बाजारात आले, आणि पुढे तिने ऑस्ट्रियातली ब्लू टोमॅटो व ऑस्ट्रेलियातली फास्ट टाइम्स ही तशाच मालाची दुकाने विकत घेतली. मात्र भिंतीवर फळ्या टांगलेल्या दिसत असल्या, तरी अशा दुकानाचा गल्ला मुख्यतः हूडी, टी-शर्ट, पँट आणि बूट यांवर भरतो, आणि ते घेणाऱ्या पुष्कळ मुलांनी फळीवर कधी पायही ठेवलेला नसतो. त्यांना नावे ठेवू नकोस. चौदाव्या वर्षी आपल्यासारख्यांत सामावून जाण्याची ओढ किती मोठी असते, हे मी तुझ्यातच पाहिले आहे. पण त्या कपड्यांना जी किंमत येते, ती गुडघे फोडून घेणाऱ्या मुलांमुळे येते, असे माझे ठाम मत आहे.

हा धंदा किती नाजूक आहे तेही ध्यानात असू दे. पॅकसन हे कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचवर १९८० साली लाटांवर खेळणाऱ्यांसाठी उघडलेले दुकान. ते देशभरच्या मॉलांत पसरले आणि कर्ज व दुकानांची महागडी भाडी यांच्या ओझ्याखाली २०१६ साली त्याला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. क्विकसिल्व्हर या तशाच कपड्यांच्या कंपनीवर तीच वेळ आदल्या वर्षी आली होती. विक्रीचा आकडा वाढवण्यासाठी तुझ्यावर दडपण येईल, विशेषतः थँक्सगिव्हिंगपासून नाताळापर्यंत, आणि विक्री करायला शिकणे ही चांगलीच गोष्ट आहे. तरीही एखादा मुलगा सुटे पैसे मोजत फक्त बेअरिंग घ्यायला आला, तर महागडे जाकीट घेणाऱ्या गिऱ्हाइकाइतकाच वेळ त्याला दे; त्याची फळी हातात घे, चाक फिरवून बघ, बेअरिंग कुठे अडते ते त्याला दाखव. नुसती साफ करून काम भागणार असेल तर तेही त्याला सांग.

शाळेच्या आठवड्यात सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला सहसा वीस तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, असा राज्याचा कायदा आहे. २०२५ सालच्या किमान वेतनाने, म्हणजे ताशी १६.६६ डॉलरने, ते कर कापण्याआधी आठवड्याला ३३३ डॉलर होतात. दुकानातल्या माणसाला तिथला माल सवलतीत मिळाला, की हे पैसे तिथेच परत जायला वेळ लागणार नाही. निम्मे खात्यात टाकावेस एवढेच माझे म्हणणे आहे. उरलेल्यांचा हिशेब मी मागणार नाही.

त्यातून पहिल्यांदा बूट घे. तुझ्या उजव्या बुटाची बाहेरची बाजू ऑली, म्हणजे फळीसकट उडी, मारून मारून करंगळीपाशी पार फाटली आहे, आणि मोजा बाहेर दिसतो आहे. डावा अजून धड आहे म्हणून तू तोच जोड ओढतो आहेस. पण दिवसभर दुकानात उभे राहायचे आहे.

दुसऱ्या दिवशी शाळा असेल त्या रात्री दहानंतर तुला थांबवून घेता येत नाही. मी पावणेदहालाच खालच्या पार्किंगमध्ये, लिफ्टच्या दाराशी गाडी लावून थांबेन. डबा मागच्या सीटवर असेल.

तुझी,
आई